हिमालयातला हिवाळी हवामान अंदाज कसा वाचायचा: पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर जवळ आला की ओळखीपाळखीत एकच प्रश्न फिरू लागतो: "आम्ही अमुक तारखेला मनालीला आहोत, बर्फ मिळेल का?" हवामान अंदाज या प्रश्नाचं उत्तर कधीच सरळ देत नाही. तो तीन वेगळ्या गोष्टी सांगतो: बर्फ किती उंचीच्या वर पडेल, साधारण कधी सुरू होऊन कधी थांबेल, आणि थांबल्यावर पुढचे दोन दिवस कसे जातील. यातली तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि तीच बहुतेक जण वाचत नाहीत. बर्फ पडत असताना माणूस मुळातच सावध असतो. दुसऱ्या दिवशी निळंशार आभाळ, लख्ख ऊन, सगळीकडे पांढरं. तेव्हा गाडी काढावीशी वाटते. घसरणारे रस्ते, हिमस्खलन आणि हाडं गोठवणारी रात्र हे सगळं त्याच सुंदर दिवशी वाट्याला येतं.

हा लेख जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंड या पट्ट्यासाठी आहे, आणि डिसेंबर ते मार्च या काळासाठी. पायऱ्या क्रमाने वाचा, कारण पुढची मागचीवर उभी आहे.

पायरी १: हे हवामान येतं कुठून, ते समजून घ्या

आपल्याला मान्सून ठाऊक असतो. हिवाळ्यातल्या हिमालयाचं गणित त्याहून निराळं आहे. तिथला बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. हिमाचलच्या हिंदी बातम्यांत आणि तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या तोंडी तुम्हाला 'पश्चिमी विक्षोभ' ऐकू येईल, गोष्ट एकच. भूमध्य समुद्राच्या आसपास तयार झालेल्या या प्रणाली वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येतात. भर हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. त्यातल्या काही नुसते ढग दाखवून जातात, एखादी दोन-तीन दिवस ठाण मांडून सगळे रस्ते बंद करते.

कोणती जोरकस ठरेल, हे बरंचसं अरबी समुद्रावर अवलंबून असतं. झंझावात आला की कधीकधी राजस्थान किंवा पाकिस्तानच्या दक्षिण भागावर वाऱ्याची एक दुय्यम चक्राकार स्थिती तयार होते. ती अरबी समुद्रावरून बाष्प खेचून थेट डोंगरांकडे ढकलते. हवामान विभागाच्या बुलेटिनमध्ये या चक्राकार स्थितीचा उल्लेख दिसला आणि शेजारी अरबी समुद्रावरून बाष्प येत असल्याचं लिहिलेलं असलं, तर तो अंदाज दुप्पट लक्ष देऊन वाचा.

युरोप-अमेरिकेतल्या हवामान नकाशांवर निळी दातेरी रेषा असते, तिला कोल्ड फ्रंट किंवा शीत आघाडी म्हणतात: थंड, जड हवा उबदार हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते ती सीमा. आपल्या बुलेटिनमध्ये ती रेषा सहसा दिसणार नाही. इतक्या उंच डोंगररांगांत ती नकाशावर नीट आखता येण्याजोगी उरत नाही. परिणाम मात्र तुम्हाला अंगावर जाणवतो. आधी दक्षिणेकडचा, दमट वारा. आभाळ भरलेलं, रात्र नेहमीपेक्षा उबदार. मग पाऊस-बर्फ. आणि झंझावात पूर्वेला सरकला की वारा फिरून वायव्येचा होतो, आभाळ मोकळं होतं आणि पारा धाडकन खाली येतो. हीच थंड हवा पंजाब, राजस्थानमार्गे दक्षिणेला उतरते. काश्मीरात बर्फ पडून गेल्यावर दोन-चार दिवसांनी निफाड, धुळे, जळगावचे आकडे पेपरात झळकतात, ते यामुळेच.

पायरी २: कुठे पाहायचं ते आधीच ठरवा

भारतीय हवामान विभाग हा पहिला आधार. त्याच्या संकेतस्थळावर आणि 'मौसम' अ‍ॅपवर देशाचं बुलेटिन असतं, पण तुम्हाला खरं उपयोगी पडेल ते त्या-त्या राज्याच्या हवामान केंद्राचं पान: श्रीनगर, शिमला, डेहराडून, लेह. तिथे जिल्हावार अंदाज आणि इशारे मिळतात. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो. तो चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते आणि राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं तो पुढे पोचवतात. रस्त्यासाठी पोलिसांकडे पाहायचं: जम्मू-श्रीनगर महामार्गावर उद्या वाहतूक कशी सोडणार, हे जम्मू-काश्मीर वाहतूक पोलीस रोज जाहीर करतात, आणि मनालीपलीकडच्या रस्त्याची खबर लाहौल-स्पीतीचे पोलीस देतात.

विंडीसारखी अ‍ॅप जरूर वापरा, मीही वापरते. पण त्यातलं चित्र हे कुणा तज्ज्ञाने तपासलेलं भाकीत नसून संगणकी प्रारूपाचं कच्चं उत्तर आहे, एवढं ध्यानात असू द्या. युरोपीय प्रारूप साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत विचार करतं, अमेरिकी प्रारूप १३ किलोमीटरच्या. हिमालयात ९ किलोमीटरच्या आत नदीचं पात्र, गाव, देवदारांचं जंगल आणि चार हजार मीटरचं शिखर असं सगळं येतं. प्रारूप त्याची सरासरी काढतं. म्हणून फोनवरच्या त्या एका आकड्यावर आणि बर्फाच्या चिमुकल्या चित्रावर सहलीचा निर्णय घेऊ नका.

पायरी ३: बुलेटिनची भाषा शिका

इथे थोडा वेळ द्या, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

आधी जागांचे शब्द. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ आणि 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. हे जोराचं माप नाही. 'तुरळक ठिकाणी जोरदार' हा अंदाज ज्या गावावर कोसळतो त्या गावासाठी जोरदारच असतो.

मग जोराचे शब्द. हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून पुढे जोरदार. बर्फाचा अंदाजही याच शब्दांत येतो. आता हे लक्षात घ्या: एक मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने एक सेंटिमीटर ताजा बर्फ होतो. थंडी कडक असेल तर जास्त, बर्फ ओलसर असेल तर कमी. म्हणजे 'हलकी बर्फवृष्टी' हा शब्द वरच्या टोकाला पंधरा सेंटिमीटर बर्फ सांगत असू शकतो. मैदानी टायरची, चाकांना साखळी नसलेली गाडी चढावर अडकायला त्याच्या अर्ध्यानेही भागतं. 'मध्यम'चं वरचं टोक अर्ध्या मीटरच्याही पुढे जातं. 'हलका' वाचून निश्चिंत होण्याची सवय आपल्याला पावसाने लावली आहे. बर्फात ती सोडायला हवी.

रंग सोपे आहेत. हिरवा: इशारा नाही. पिवळा: लक्ष ठेवा. केशरी: तयारीत राहा. लाल: आता कृती करा. तुमच्या मुक्कामाच्या जिल्ह्याचा रंग पाहून थांबू नका. मनालीचा कुल्लू जिल्हा पिवळा आणि शेजारचा लाहौल-स्पीती केशरी असेल, तर अटल बोगद्याच्या पलीकडे, म्हणजे लाहौलमध्ये, जाण्याचा बेत केशरीत मोडतो.

तारखेचा घोळ तर हमखास होतो. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे '१५ तारखेला बर्फवृष्टी' या ओळीत १६ तारखेची पहाट येते. तुम्ही १६ ला पहाटे पाचला निघणार असाल तर १५ चाच इशारा तुम्हाला लागू आहे. मोजमापही तसंच: सकाळी प्रसिद्ध होणारा बर्फाचा आकडा आदल्या चोवीस तासांचा असतो.

राहिलं ते तांत्रिक वाक्य, जे पाहून लोक पान बंद करतात. ते साधारण असं असतं: पश्चिमी झंझावात कमी दाबाच्या आसाच्या रूपात, समुद्रसपाटीपासून ५.८ किलोमीटर उंचीवर, ६२ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, २८ अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेला आहे. यातला रेखांश तेवढा उचला. ६२ अंश म्हणजे इराण-अफगाणिस्तान सीमेच्या आसपास. श्रीनगर ७५ च्या जवळ आहे, मनाली ७७ च्या. प्रणाली तिथून इथवर यायला साधारण एक ते दोन दिवस घेते. उद्याच्या बुलेटिनमध्ये तोच आकडा ६८ झाला असेल तर ती वेगाने येते आहे. ६३ वरच रेंगाळली असेल तर तुमचा बर्फही लांबला. दोन दिवसांचे दोन आकडे शेजारी ठेवले की अ‍ॅपवरच्या तासावार आलेखापेक्षा जास्त भरवशाचं चित्र डोळ्यांसमोर येतं.

पायरी ४: उंची लावून पाहा

पाऊस की बर्फ, हे गावाच्या नावावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. वर जाऊ तसं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मनालीत (सुमारे २,०५० मीटर) चार अंश असेल तर रोहतांग खिंडीत (३,९७८ मीटर) उणे आठच्या घरात असणार.

अंदाजात किंवा विंडीवर 'शून्य अंशाची उंची' मिळते. तिच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ न वितळता पोचतो, कारण पडणारी भुसभुशीत पाकळी लगेच विरघळत नाही. समजा शून्य अंशाची उंची २,६०० मीटर आहे. मग बर्फाची सीमा २,३०० ते २,४०० च्या आसपास. त्या दिवशी गुलमर्ग (सुमारे २,६५०) आणि सोनमर्ग (सुमारे २,७५०) पांढरं होईल, मनालीजवळच्या सोलंगमध्येही बर्फ साठेल. शिमला (सुमारे २,२००), पहलगाम आणि मनाली काठावर, म्हणजे पावसात मिसळलेला ओला बर्फ. श्रीनगर (सुमारे १,६००) आणि जोशीमठात (सुमारे १,९००) नुसता गार पाऊस. ज्या गावात राहणार त्याची, आणि वाटेतल्या सर्वात उंच जागेची उंची एका कागदावर लिहून ठेवा. माझ्या मते सगळ्या तयारीतलं हे सर्वात कमी कष्टाचं आणि सर्वात कामाचं पाऊल आहे.

काठावरच्या गावांचं एक वैशिष्ट्य आहे. पाऊस जोरात लागला की पडणारा बर्फ हवेतच वितळताना आसपासची उष्णता शोषून घेतो आणि तापमान आणखी खाली ओढलं जातं. म्हणून शिमल्यात संध्याकाळी पाऊस असतो आणि मध्यरात्री त्याचाच बर्फ होतो. भुरभुर असेल तर हे घडत नाही. पावसाचा जोर आणि दोन अंशांच्या आसपासचं तापमान, दोन्ही जुळत असतील तर गाडी त्या संध्याकाळीच उतारावरून काढून सपाट, मोकळ्या जागी लावा.

उंचीचा नियम एका जागी उलटा होतो, तेही सांगायला हवं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड, जड हवा उतारावरून घरंगळत दरीत साचते. त्यामुळे शिमल्याची रात्र कधीकधी खालच्या ऊना शहरापेक्षा, अगदी चंदीगडपेक्षाही उबदार असते, आणि बिलासपूर, मंडी, सुंदरनगरच्या खोऱ्यांत सकाळी दाट धुकं असतं. खाली उतरलो म्हणजे थंडी संपली, असं धरून चालू नका.

वाऱ्याचा हिशोबही याच कागदावर करा. उणे पाच अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा, असं असेल तर उघड्या त्वचेला उणे तेरासारखं वाटतं. गुलमर्गच्या गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. गावात ऊन असतानाही वरचा टप्पा वाऱ्यामुळे बंद असू शकतो, तो याच कारणाने.

पायरी ५: किती दिवस आधी कशावर विसंबायचं

दोन आठवडे आधी फक्त कल पाहा. हवामान विभाग दर गुरुवारी विस्तारित अंदाज काढतो. त्यात पुढचे आठवडे सरासरीपेक्षा कोरडे की ओले, थंड की उबदार, एवढंच कळतं. तेवढ्यावर बर्फाची आशा बांधता येत नाही, पण फार कोरडा कल दिसला तर बेत थोडा वरच्या उंचीकडे वळवता येतो. जानेवारी २०२४ मध्ये झंझावात इतके क्षीण होते की महिन्याच्या मध्यावर गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. बर्फ आला तो महिना संपताना आणि फेब्रुवारीत. काश्मीरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात, सर्वात कडक थंडीचा काळ. तरीही नाताळच्या सुट्टीत शिमला-मनाली गावात बर्फ पडेलच, या भरवशावर तिकिटं काढू नका. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी यांची शक्यता कितीतरी चांगली.

आठवडाभर आधी झंझावात येतोय की नाही, हे बऱ्यापैकी समजतं. दिवस एखाद्याने मागेपुढे होतो. आता सहलीतले उंचावरचे दिवस हलवता येण्याजोगे ठेवा: रोहतांगची बाजू, गोंडोला, उत्तराखंडातली औली हे बुकिंग एकाच दिवसाला बांधू नका.

तीन दिवस आधीचा अंदाज कामाचा. वर सांगितलेला रेखांश, शून्य अंशाची उंची, जिल्ह्याचा रंग, तिन्ही तपासा. दोन प्रारूपं वेगळं बोलत असतील तर वाईट बाजू खरी मानून आखणी करा.

आदल्या रात्री रस्ता आणि हिमस्खलनाचा इशारा. निघण्याच्या सकाळी तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि पोलिसांची सूचना. यात पोलिसांची सूचना सर्वात वरची. हवामान खात्याचा पिवळा असेल आणि पोलीस सोलंगच्या पुढे सोडत नसतील, तर सोलंगच्या पुढे जायचं नाही. स्थानिक चालकाने नकारार्थी मान हलवली तरी तेच. पैसे देऊन त्याला पुढे यायला भाग पाडू नका.

आकाशाकडेही बघायला शिका. उंचावर पिसांसारखे ढग, त्यानंतर चंद्राभोवती किंवा सूर्याभोवती खळं, रात्रीचं तापमान आदल्या रात्रीपेक्षा चढलेलं: बारा ते चोवीस तासांत काहीतरी येतंय. "आज रात्री थंडी कमी आहे, वातावरण सुधारलं" असं नव्या माणसाला वाटतं. डोंगरात हिवाळ्यातली उबदार रात्र बहुधा ढगांमुळे असते, आणि ढग झंझावाताचे असतात.

पायरी ६: बर्फ थांबल्यावरचे दोन दिवस

आता मूळ मुद्दा. बुलेटिनमध्ये ज्या दिवसासमोर 'हवामान कोरडं' लिहिलेलं असतं, तो दिवस वाचताना पेन हातात घ्या.

पहिला धोका रस्त्याचा. दिवसा उन्हाने कडेचा बर्फ वितळतो, पाणी डांबरावर पसरतं आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला सूर्य डोंगराआड गेला की गोठतं. त्याचा पारदर्शक थर बनतो. तो दिसत नाही. ओला रस्ता आहे एवढंच वाटतं. डोंगराच्या उत्तरेकडच्या बाजूला, देवदारांच्या सावलीत आणि पुलांवर तो दिवसभर टिकतो. यासाठी वेळेची शिस्त हाच उपाय: सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर उंचावरच्या रस्त्यावर नसणं. साखळ्या लागतातच, पण साखळी लावलेली गाडीही बर्फाळ उतारावर ब्रेक दाबताच आडवी होऊ शकते. खालचा गिअर, मंद वेग, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. हे सगळं पहिल्यांदाच करत असाल तर स्वतः चालवू नका, स्थानिक चालक घ्या.

दुसरा धोका हिमस्खलनाचा, आणि इथे मला कळकळीने सांगायचं आहे. ताज्या बर्फाचं ओझं जुन्या, घट्ट थरावर नीट चिकटलेलं नसतं. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून ते सरकतं, बर्फ पडत असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक. वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला साठवला असेल तर तिथे आणखी जास्त. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ कामगार त्यात अडकले, त्यातले आठ दगावले. चमोलीसह वरच्या जिल्ह्यांसाठी इशारा आदल्या संध्याकाळीच निघाला होता. गुलमर्गमध्ये फेब्रुवारी २०२४ च्या मोठ्या बर्फवृष्टीनंतर आखीव मार्गाबाहेर गेलेल्या स्कीअरांवर हिमस्खलन होऊन एका रशियन पाहुण्याचा जीव गेला.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यात जिल्हा, धोक्याची पातळी आणि 'इतक्या मीटरच्या वर' असा आकडा असतो. तुमच्या कागदावरची सर्वात उंच जागा त्या आकड्याच्या वर असेल तर तो दिवस कमी उंचीवर घालवा. 'कमी धोका' याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. आणि आखलेल्या मार्गाच्या दोरीपलीकडे फोटोसाठी दहा पावलंही जाऊ नका. उतार कुणाची पावलं कुठवर आली ते पाहत नाही.

तिसरा, थंडीच्या लाटेचा. मैदानात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली असून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, किंवा थेट चार अंशांवर आलं, की हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो. डोंगरी भागात निकष शून्य अंशापासून सुरू होतो. तुम्ही किमान तापमानाशेजारचा 'सरासरीपेक्षा फरक' हा रकाना वाचा. तो उणे पाच-सहा दाखवत असेल तर नळ गोठतील, गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करेल. महाराष्ट्रातून स्वतःची डिझेल गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे विशेष पाहावं: मैदानात भरलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊ लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आणलं, ते उगाच नाही. वर पोचल्यावर तिथलंच डिझेल भरा.

अशा रात्री खोली गरम ठेवण्याच्या नादात अनर्थ होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर किंवा धुराडं नीट नसलेली बुखारी (लाकडाची शेगडी) रात्रभर पेटती ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, झोपेतच शुद्ध हरपते. झोपण्यापूर्वी आग विझवा, खिडकीची फट उघडी ठेवा आणि पांघरुणं जास्त घ्या.

गाडी अडकलीच तर

डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. पोलिसांनी रात्रभर खपून लोकांना बाहेर काढलं. पाकिस्तानातल्या मरीमध्ये जानेवारी २०२२ मध्ये अशाच झंझावाताने पर्यटकांच्या गाड्या रस्त्यातच गाडल्या गेल्या आणि वीसहून जास्त माणसं गेली. काहींचा जीव गाडीतल्या विषारी धुराने गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. मरी २,३०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे शिमल्याएवढंच. फार उंचावर जायची गरज नसते.

गाडी सोडून चालत निघू नका, वादळात दिशा कळत नाही. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं असेल तर इंजिन आणि हीटर सुरू करण्याआधी ते हाताने मोकळं करा, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा पाहा. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. एकजण सतत जागा राहू द्या. ११२ लावा, हिमाचलात जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते, म्हणून तो अंगाशी, आतल्या खिशात ठेवा. गाडीत पाणी, सुका खाऊ, घोंगडी, टॉर्च आणि छोटं फावडं आधीपासून असायला हवं, हे या पायरीवर येऊन आठवून उपयोग नाही.

पायरी ७: परतीचा अंदाज वेगळा वाचा

लोक जाताना डोंगराचा अंदाज पाहतात आणि येताना काहीच पाहत नाहीत. झंझावात गेल्यावर मैदानात जमीन ओली, आभाळ मोकळं, वारा पडलेला: दाट धुक्याला याहून अनुकूल काही नाही. पंजाब, हरियाणा, दिल्ली या पट्ट्यात मग सकाळी समोरचं दिसत नाही. हवामान विभागाच्या भाषेत दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं, ५० च्या खाली अतिदाट. दिल्ली विमानतळावर कमी दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा आहे, पण विमान आणि वैमानिक दोघेही त्यासाठी पात्र असावे लागतात, आणि एक विमान उशिरा आलं की पुढची सगळी रांग लांबते.

धुकं मध्यरात्रीनंतर दाटतं आणि सहसा सकाळी दहा-अकरापर्यंत विरतं. म्हणून दिल्ली किंवा चंदीगडहून परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. श्रीनगरला बर्फाने धावपट्टी बंद पडू शकते, तेव्हा तिथून निघायचा दिवस आणि मुंबई-पुण्याला कामावर रुजू व्हायचा दिवस यांत एक मोकळा दिवस सोडा. चंदीगड-दिल्ली रात्रीची बस घेत असाल तर धुक्याचा इशारा संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये बघा. अतिदाट लिहिलेलं असेल तर रात्र चंदीगडलाच काढून सकाळी अकराला निघा.